ताडपत्रीचा हौद

“तुमी चूप बसा, आपा! बसून खाणाऱ्यानं राबणाऱ्याला शिकवायचं न्हाय!”

चाँदपाशा सगळ्या गल्लीसमोर ओरडला आणि दाराच्या पडद्याआड उभ्या असलेल्या फरिदाबीच्या अंतःकरणात जणू कुणी तापलेलं दाभण खुपसलं... बोलली तरी काय होती ती? एवढंच, की “पाशा, ताडपत्री उलटी पडली रे, मेणाची बाजू पाण्याकडं घे.” थोरल्या बहिणीनं धाकट्या भावाला सांगावं, एवढंच! पण अंगणात गुंडाप्पा ड्रायव्हर होता, शेजारपाजारच्या बाया होत्या, गडगा ओलांडून आलेली म्हातारी माणसं होती. आणि त्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चौदा पिंपं पाणी त्या आठ फूट लांब, पाच फूट रुंद खड्ड्याच्या पोटात गुडगुडत जिरत चाललं होतं. शरमलेल्या पुरुषाला राग काढायला घरातली बाई लागते. ती दाराशीच उभी होती.

खड्ड्याच्या काठावर आपले काडीसारखे बारीक पाय पसरून बसलेली नऊ वर्षांची कुलसुम, चाँदपाशाची एकुलती एक लेक, तळाचा चिखल बघत होती. ती म्हणाली, “अब्बा, तुमचा हौद तर माझ्यापेक्षा लंगडा निघाला!”

सगळी गल्ली खदाखदा हसली. चाँदपाशा तेवढा हसला नाही.

दोन उन्हाळ्यांपूर्वी ताप आला आणि जाताना पोरीचे पाय घेऊन गेला. औषधं झाली, दर्गे झाले, नवस झाले. शेवटी उमरग्याच्या एका डॉक्टरानं सांगितलं, “पोरीला रोज कमरेएवढ्या पाण्यात उभी करा. पाणी अंग उचलून धरतं, पायांवर भार येत नाही. पाण्यात उभी राहिली, तर जमिनीवरची आशा धरू.” नळदुर्गात पाणी म्हणजे किल्ल्याखालची बोरी नदी. फरिदाबी पोरीला पाठुंगळी घेऊन गेलीही, पण तिथं ट्रक धुणारे बाप्ये, कपडे आपटणाऱ्या बाया, आणि काठावरून “लंगडी आली! लंगडी आली!” म्हणून नाचणारी कार्टी... कुलसुमनं फुफीच्या खांद्यात तोंड खुपसलं ते घर येईपर्यंत वर काढलं नाही. “फुफी, मला लोकं नसलेलं पाणी पायजे,” एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून तिनं नदीचं नाव घेऊ दिलं नाही.

मग चाँदपाशानं ठरवलं, नदीच अंगणात आणायची! आठ दिवस तो एकटा कुदळ मारत होता. कडेचा मुरूम उतरता तासला, कोपरे गोल केले, दगड टोचून कापड फाटू नये म्हणून तळाला बारीक वाळू चाळून पसरली. दगड-चुन्याचा हौद बांधायची ऐपत कुणाची होती? पण ताडपत्री घरची होती. सोलापूर-हैदराबाद सडकेवरच्या ट्रकांना ताडपत्र्या शिवून देणं हाच त्या घराचा धंदा. तीन जुन्या ताडपत्र्या जोडून खड्ड्याला अस्तर लावायचं, कडा वर काढून चरात दाबायच्या, वरून दगड ठेवायचे. बापाचं काळीज होतं ते, त्याला नावं ठेवता येत नाहीत.

नावं ठेवायची ती दुसऱ्याच गोष्टीला. सडकेवर म्हणायचे, “चाँदपाशाच्या शिलाईतून पावसाचा थेंब आत जाईल तर शप्पथ!” आणि ती शिलाई चाँदपाशाची नव्हतीच! सात वर्षांपूर्वी ट्रकच्या फाळक्यात त्याच्या उजव्या हाताचा अंगठा चिरडला. वरून बरा झाला, पण दाभण धरायची ताकद गेली ती गेलीच. तेव्हा विधवा होऊन भावाच्या दारी आलेल्या फरिदाबीनं गुपचूप दाभण उचललं. मापं घ्यायचा तो, बोलणी करायचा तो, वाहवा घ्यायचा तो. आणि आतल्या खोलीत तळहाताला चामड्याची पट्टी बांधून, मेणाच्या दोऱ्यानं, दुहेरी दुमड घालून टाके ओढायची ती. “कुणाला सांगू नका, आपा. लोक म्हणतील, चाँदपाशा बहिणीच्या हातचं खातो,” असं त्यानं एकदा हात जोडून विनवलं होतं. तिनं तोंड शिवून घेतलं. उमरग्याच्या एका भल्या माणसाचा निकाहचा पैगाम आला, तोही तिनं परत पाठवला. ती गेली असती तर घराची चूल थंड पडली असती! आणि गल्लीत काय पसरलं? फरिदाबीला भावाच्या घरचं आयतं गोड लागतं म्हणे! हे पसरत असताना भाऊ मान खाली घालून ऐकत होता. वाघासारखे वाघ पुरुष अशा वेळी मुके का होतात, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक!

या वेळी मात्र चाँदपाशाला काय हुक्की आली होती कोण जाणे. “लेकीचं काम हाय, म्याच शिवनार,” म्हणून तिन्ही ताडपत्र्यांचे जोड त्यानं डाव्या हातानं स्वतः घातले. आणि अस्तर पसरताना जन्माची सवय नडली. ट्रकवर माल आत असतो, पाऊस बाहेर. मेणाची बाजू नेहमी बाहेर. त्यानं इथंही पाण्याला माल समजून मेणाची बाजू मातीकडं टाकली, कोरडी बाजू पाण्याकडं! मातीपासून पाण्याचं रक्षण केलं पठ्ठ्यानं!

गुंडाप्पा लुंगी खोचून चिखलात उतरला. त्यानंच नदीवरून ट्रकमध्ये पिंपं आणली होती. “उद्या दुपारपातूर अजून एक खेप टाकतो, पाशाभाई. परवा गाडी सोलापूरला इंजिनाच्या कामाला जाती, मंग महिनाभर माज्याकडं गाडी न्हाय,” असं म्हणत त्यानं अस्तराची कड उचलली, जोड बोटानं चाचपला आणि थबकला.

“अय्यो! पाशाभाई, ही जुनी शिलाई तुमची. माझ्या गाडीवर हीच हाय, म्या डोळं झाकून वळखीन. हितं बघा, येक थेंब गळाला न्हाय. पण हे नवं जोड...” त्यानं बोट घातलं, ते आरपार गेलं. “हे कुठल्या अडाण्यानं शिवलं? कोंबडीनं उकरल्यावानी टाकं!”

अंगण पुन्हा हसलं. चाँदपाशाच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. त्याची बायको ताहेराबी पदरात तोंड लपवून जमिनीकडं बघत राहिली. तिला सगळं ठाऊक होतं.

आणि पडद्याआडून आवाज आला, शांत, जरासा कापरा.

“ते म्या शिवलं, गुंडाप्पा.”

“तुमी, आपा?”

“व्हय. पाशाला येळ नव्हता, म्हणून म्या हात घातला. येत न्हाय मला.”

“मंग बरोबर हाय!” गुंडाप्पा मनमोकळं हसला. “तुमचं काम न्हाय हे, आपा. तुमी आपली भाकरी थापा!”

या अल्ला! सात वर्षं ज्या हातांनी अर्ध्या सडकेचा माल कोरडा ठेवला, त्या हातांनी आपल्याच तोंडाला काळं फासून घेतलं आणि ते कशासाठी? ज्यानं घटकेपूर्वी तिला बसून खाणारी म्हटलं, त्या भावाची मान चारचौघांत खाली जाऊ नये म्हणून! काठावर उभा चाँदपाशा ते ऐकून आतल्या आत विरघळला. पण बोलला नाही. त्या वेळीही बोलला नाही!

गल्ली पांगली. फरिदाबीनं डोळे पुसले नाहीत, कारण पुसायला वेळ नव्हता. उद्या दुपारपर्यंतच पाणी होतं, आणि त्या पाण्यात पोरीचे पाय होते. तिनं ताडपत्री आतल्या खोलीत ओढून घेतली आणि चाँदपाशाचे टाके सपासप उसवायला लागली. ताहेराबीनं जोडांवर फासायला चुलीवर मेण, राळ आणि जवसाचं तेल कढत ठेवलं. कुलसुम शेजारी बसून दाभणं पुसून देत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकच जोड उरला होता. चाँदपाशा आला, उकिडवा बसला, आणि दोऱ्याला मेण घासू लागला. गिऱ्हाइकांसमोर उस्ताद म्हणवून घेणारा माणूस नव्या पोरासारखा दोरा घासत होता.

“जाड लावू नकोस. टाका सरकतो,” ती म्हणाली.

“आपा... तुमी खोटं का बोललात?”

“सात वर्षं तू बोलतोस, ते चाललं. म्या येक दिवस बोलले, तर येवढं लागलं तुला?”

“मला मारा, आपा! चपलेनं मारा!” त्यानं तिच्या पायांवर डोकं टेकलं आणि तो लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला.

तिचा हात नकळत त्याच्या केसांवर गेला. आई गेल्यावर याच डोक्याला तिनं तेल लावलं होतं... वात्सल्य मोठं निलाजरं असतं, अपमानाला ते जुमानत नाही. पण तोंडानं ती म्हणाली, “मला नाव नको हुतं, पाशा. खरंच नको हुतं. पण ‘बसून खाती’ म्हणालास... ही बोटं बघ माझी. आन् हितं पडद्याआड रडून काय उपेग? पडद्याआड तर म्या बी लई रडले.”

चाँदपाशा उठला. घासलेला दोरा तिच्या पुढ्यात ठेवून अंगणात गेला.

दुपारी गुंडाप्पाचा ट्रक भोंगा वाजवीत आला. मेणाची बाजू वर, दुमडीची तोंडं मातीकडं, अशी ताडपत्री खड्ड्यात बसली. कुठं सुरकुती राहू नये म्हणून बायांनी अनवाणी पायांनी ती दाबून दाबून सारखी केली, कडा चरात गाडल्या. मग पाणी पडायला लागलं. एक पिंप... चार पिंपं... नऊ... चौदा! ताडपत्री फुगली, कडेला चिकटली, ताणली गेली. टाके करकरले असं वाटलं. कुलसुमनं काठावरच्या जोडावर बोट ठेवलं आणि पाण्याची रेघ तिथून हलते का, ते ती डोळे ताणून बघत बसली.

एक तास गेला. ताहेराबीनं चहा केला. गल्लीनं तो पिऊन संपवला. दुसरा तासही गेला.

“अब्बा! रेघ हाय तिथंच हाय!”

“वा पाशाभाई!” गुंडाप्पानं मांडीवर थाप मारली. “तुमच्या हाताला तोड न्हाय! मर्दानं हात लावला की काम कसं...”

“थांब, गुंडाप्पा.”

चाँदपाशानं आपला उजवा हात सगळ्यांपुढं धरला. अंगठा वाळल्या शेंगेसारखा कडक, वाकडा. त्यानं ताडपत्री शिवायचं दाभण त्या बोटांत धरलं. ते सगळ्यांच्या देखत गळून खाली पडलं.

“ह्या हातानं सात वर्षांत येक टाका पडला न्हाय. काल जे कोंबडीनं उकरलं, ते म्या. आन् आज जे टिकलं, तुझ्या गाडीवर जे टिकलं, सडकेवरच्या समद्या गाड्यांवर जे टिकलं, ते माझ्या बहिणीचं हाय! फरिदाबीचं! बसून ती खात न्हाय... बसून म्या खातो. सात वर्षं म्या चोरलेलं नाव घेऊन हिंडलो!”

गुंडाप्पा कानाची पाळी धरून उभा राहिला. “शिवा, शिवा... आन् म्या आपांना भाकरी थापाया सांगितलं!”

मग पडदा सरकला. पदर डोक्यावर सारखा करून फरिदाबी अंगणात आली. तिचे डोळे भरून वाहत होते. आता भावाला मिठी मारणार, आता दोघं रडणार, म्हणून बायांनीही पदर डोळ्यांपाशी नेले. फरिदाबीनं कडेची बादली उचलली, हौदात बुडवली आणि भरलीच्या भरली चाँदपाशाच्या डोक्यावर उपडी केली.

“सात वर्षं लागली रे तुला, मुडद्या!”

क्षणभर कुणाला कळेना हसावं की काय, आणि मग ताहेराबीच ओरडली, “घ्या! येवढ्या वर्षांनी आंघोळ झाली यांची!” साऱ्या गल्लीला हसू अनावर झालं. निथळणारा चाँदपाशा रडत होता आणि हसतही होता, आणि त्याच्या तोंडावरचं कुठलं पाणी कशाचं, ते कुणाला सांगता आलं नसतं.

बाप्यांना अंगणाबाहेर काढलं. ताहेराबीनं दार लावलं. फरिदाबी अंगावरच्या लुगड्यानिशी पाण्यात उतरली, जन्मात पहिल्यांदा! गारव्यानं तिचा श्वासच अडकला. मग तीच खुदकन हसली. “ये गं, माझ्या साखरे! हे लोकं नसलेलं पाणी हाय.”

कुलसुम फुफीच्या गळ्याला घट्ट चिकटून आत आली. पाण्यानं तिला हळूहळू उचललं. ते काडीसारखे पाय तळाला लागले, थरथरले, वाकले... पुन्हा लागले. फरिदाबीनं एक हात सैल केला. पोरगी पडली नाही! दोन वर्षांत पहिल्यांदा ती उभी होती. पाण्याच्या आधारानं का असेना, उभी होती! ताहेराबीनं काठावर बसकण मारली आणि मोठ्यानं गळा काढला. आनंदाला तिच्याकडं दुसरी रीत नव्हती.

दार फटीएवढं उघडून चाँदपाशानं विचारलं, “काय झालं? पडली का?”

“न्हाय पडली!” आतून तिघींचा एकदम आवाज आला. “दार लावा!”

पंधरा दिवसांनी सकाळी घरापुढं एक ट्रक थांबला. कुणी अनोळखी, हैदराबादकडचा ड्रायव्हर, फाटकी ताडपत्री खांद्यावर टाकून दाराशी आला आणि त्यानं हाक दिली, “फरिदाबी हाय का घरात?”

तिच्या नावानं त्या दाराशी आलेली ही पहिली हाक. ओट्यावर बसलेला चाँदपाशा ताडकन उठला. जुनी सवय, मापाची दोरी हातात घेऊन तो पुढं झाला, आणि मधेच थांबला. त्यानं दोरी खाली ठेवली, ड्रायव्हरला बसायला बाज सरकवली आणि आत तोंड करून अदबीनं म्हणाला, “आपा, तुमाला बोलावत्यात.”

भिंतीपलीकडं कुलसुम पाय झाडत होती, पाण्याचा छबछब आवाज येत होता. आणि त्यातून फरिदाबीचा मोकळा, खणखणीत आवाज सडकेपर्यंत ऐकू गेला,

“टेकायला सांग त्यांना! आमी आत्ता पाण्यात हाव!”