रिकाम्या गाडीचं वजन

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर वाचू नका, मी कुणाच्या मागे लागलेले नाही. पण गेल्या थंडीतला तो शनिवार, आमच्या गल्लीतलं ते गॅरेज आणि त्या संध्याकाळचं आमचं घर, हे सगळं माझ्या डोळ्यांदेखतचं आहे. ऐकीव काहीच नाही.

घरात बाबा आणि मी. तळमजल्यावर राहतो. माझा मोठा भाऊ, आमचा दादा, त्याआधीच्या उन्हाळ्यात गेला. ऑफिसात बसल्या जागी, छातीत कळ येऊन. त्याची जुनी गाडी माझ्याकडे आली.

आणि गाडीबरोबर तो आवाजही आला.

कुईं... कुईं...

आमच्या गेटपाशी स्पीडब्रेकर आहे. दादा वेगळा राहायचा, पण संध्याकाळी बाबांना भेटायला यायचा. त्या स्पीडब्रेकरवरून त्याची गाडी उतरली की पुढच्या चाकापाशी असं कुईंकुईं व्हायचं. बाबांना आता फारसं दिसत नाही, पण कान तिखट. आवाज आला की खुर्चीतून उठायचे, भिंत धरत धरत जायचे आणि दार उघडून उभे राहायचे.

माझ्यासाठी कधी कुणी उठलं नाही. माझ्याकडे किल्ली असते ना!

बाबांची औषधं, पथ्यपाणी, डॉक्टरांच्या फेऱ्या, सगळं मी करायचं. हा पाहुण्यासारखा येणार, चहा पिऊन जाणार, आणि कौतुक मात्र त्याचं. माझा नुसता जळफळाट व्हायचा. तो गेला म्हणून मी जळायचं थांबवावं असं कुणाला वाटत असेल, तर त्यांनी आमच्या घरी चार दिवस राहून दाखवावं.

कारण तो गेल्यावरही बाबा उठतच राहिले.

मी कामावरून यायचे. गेटवर कुईं... कुईं...

दार उघडलेलं. बाबांचा चेहरा खुललेला.

"मी आहे, बाबा."

"हो का... तू होय."

आणि पडलेल्या चेहऱ्यानं परत खुर्चीत. दादा गेलाय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, डोकं अगदी शाबूत होतं. तरी रोज हेच.

शेवटी मी ठरवलं, या आवाजाचा एकदाचा निकाल लावायचा.

"बदलू नकोस गं त्यात काही," बाबा म्हणाले.

मी ऐकलं नाही.

गॅरेजवाले काका आमच्या ओळखीचे. त्यांनी बॉनेटचा कोपरा दोन्ही हातांनी दाबला, सोडला. गाडी खालीवर झाली.

आवाज नाही.

दुसरा कोपरा दाबला. तरी नाही. मग स्वतः गाडी चालवून आले, रस्त्यावरच्या सगळ्या खड्ड्यांतून.

"ताई, कुठं वाजतेय? गप्प आहे की."

"आमच्या गेटवरच वाजते, काका."

"गाडीला काय गेट कळतं होय?" ते हसले.

पण गाडी वर उचलून टॉर्च मारला, तेव्हा हसू गेलं. चाकाला धरून ठेवणारा आर्म जिथं बसतो, तिथलं रबराचं बुश पार सुकून चिरलेलं. दोन्हीकडे.

"हे तर कधीच वाजायला पाहिजे होतं... सारखं," ते पुटपुटले. "गप्प कसं राहिलं?"

त्यांनी नवीन बुश बसवले. पण बोल्ट सैलच ठेवले. गाडी अधांतरी असताना ते आवळायचे नसतात, रबर पिळलं जातं. गाडी खाली घ्यायची, तिचं वजन चाकांवर येऊ द्यायचं आणि मग आवळायचे. हे त्यांनीच मला समजावून सांगितलं.

गाडी गॅरेजमधल्या खड्ड्यावर घेतली. असा खड्डा असतो, मेकॅनिकला खाली उभं राहून काम करता येतं. काका खाली उतरले. मी त्यांच्या मागे, कडेला उभी होते.

पाना लावला... आणि थांबले.

"ताई, गाडीतून उतरा ना जरा. रिकामी पाहिजे."

मला वाटलं, चेष्टा करताहेत.

"ताई, उतरा म्हटलं. ही बाजू खाली दबलीये."

"काका... मी इथं आहे. तुमच्या मागे."

त्यांनी मान वळवली. आधी माझ्या चपला पाहिल्या. मग माझ्याकडे.

गाडीचे दरवाजे बंद होते. आत कुणी नव्हतं.

पण ड्रायव्हरची बाजू खाली बसलेली होती... चांगला भरल्या अंगाचा माणूस बसल्यावर बसते तशी.

काकांनी पाना परत बोल्टला लावला. त्याच वजनावर बोल्ट आवळले आणि घाईनं वर आले. मी निघाले तेव्हा ते हात पुसत पाठमोरे उभे होते.

घरी येताना दिवे नुकतेच लागले होते. गेट आलं. स्पीडब्रेकर आला. मी श्वास रोखला.

काही नाही. गाडी लोण्यासारखी उतरली.

खरं सांगते, मला आनंद झाला. आज बाबा उठणार नाहीत. मी आत जाईन, आणि फक्त मीच आलेली असेन.

पण दार उघडं होतं.

आणि आतून हसण्याचा आवाज येत होता... बाबांचा. कितीतरी महिन्यांत ते असे हसले नव्हते.

बाबा टेबलाशी बसले होते. समोरची खुर्ची मागे ओढलेली, कुणी बसल्यासारखी.

"आलीस?" ते म्हणाले. "बरं झालं हो गाडी दुरुस्त केलीस. रोज बिचारा गेटवरच उतरायचा. आज घरापर्यंत आला."

"कोण, बाबा?"

 ते समोरच्या खुर्चीकडे बघून नुसते हसले.

तेव्हापासून हे रोज चाललंय. मी स्वयंपाकघरात असते, बाहेर बाबांच्या गप्पा रंगतात. दुसरा आवाज मला कधीच ऐकू येत नाही. फक्त खुर्ची सरकते...

तुम्हाला वाटेल, मला भीती वाटत असेल. वाटते ना. पण त्याहून जास्त राग येतो. मेल्यावरही यानं माझी जागा घ्यावी?

परवा न राहवून विचारलंच, "बाबा, तो माझ्याशी का बोलत नाही?"

बाबांनी माझ्याकडे तोंड वळवलं.

"त्याच्यासाठी तू कधी उठलीस?"

आज बाबांना ताप आहे. औषध घेऊन लवकर झोपलेत. गाडी बाहेर उभी आहे, तिची किल्ली माझ्यासमोर टेबलावर आहे.

हे लिहिता लिहिता, आत्ताच, गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

मग पावलं... आमच्या दारापर्यंत.

बेल वाजत नाहीये. बेल वाजवायची त्याला सवयच नव्हती, बाबा आधीच दारात उभे असायचे.

दाराखालच्या फटीत सावली आहे. ती हलत नाही.

मी अजून उठलेले नाही.