दारूच्या जाहिरातीतला हुंदका

“मरणाचं गाणं मेलेल्याचं असतं पोरी, ते करमणुकीला गायचं नाही. आणि कुणा मेलेल्याला गाण्यावाचून एकटं पाठवायचं नाही. वचन दे मला.”

लग्नाच्या वर्षी सासूबाईंनी, तोमासाबाईंनी, चुलीपुढे घेतलेलं ते वचन आज सकाळपासून एर्मेलिंदाचं काळीज जाळत होतं... नदीपलीकडे म्हातारा फेलिसियानो वारला होता, त्याच्या लेकी दोनदा होडी घेऊन विनवायला आल्या, आणि दोन्ही वेळा सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसून राहिल्या. माझं गाणं विटाळलं, आता गाणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

आणि दोष एर्मेलिंदाच्या माथी! काली शहरात नणंदेचा, निदियाचा, नवरा वारला तेव्हा सासूबाई इथून फोनवर गायल्या होत्या. फोन एर्मेलिंदाने धरला होता. पुढे ते गाणं इंटरनेटवर आलं, गाव सोडून गेलेली माणसं आपापल्या मृतांपुढे ते लावू लागली, आणि एका दारूच्या कंपनीने, ना विचारता ना सांगता, ते उचलून आपल्या जाहिरातीला जोडलं. धक्क्यावरच्या बायका म्हणाल्या, फोन हिचा, मग सौदा दुसऱ्या कुणाचा? सासूबाईंनी एकदाच विचारलं, “तू दिलंस?” एर्मेलिंदाने मान खाली घातली.

कारण निदियाने रडत कबूल केलं होतं, वहिनी, माझ्यासारख्या बायांना आधार व्हावा म्हणून मी टाकलं गं, आईला कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही. कंपनीलाही तिने विनवून पाहिलं. तुम्हीच फुकट वाटलंत, असं उत्तर आलं. त्या विधवेला माहेरचं एक दारच उरलेलं... ते आपल्या हातांनी कसं लावून घ्यायचं? बोलावं तर नणंद पोरकी, न बोलावं तर आपण याच घरात परक्या. रोजच्या जपमाळेचे मणी ओढत ती मुकाट्याने सोसत राहिली, आणि सासूबाईंनी तिच्या हातचा नारळाच्या दुधातला भातही सोडला.

दुपारी मालाची बोट तीच जाहिरात वाजवत गेली. एरवी सासूबाई कान झाकून आत जात, आज गुडघ्यांनी उठू दिलं नाही. गाणं संपलं, आणि अर्ध्यावर तोडलेला एक हुंदका पाण्यावरून आला.

सासूबाईंनी भिंतीकडचं तोंड वळवलं.

“ही निदिया रडतेय,” त्या म्हणाल्या. “लहानपणापासून अशीच, श्वास आत ओढून. म्हणजे हे तिकडे, तिच्या फोनमध्ये भरलेलं.”

एर्मेलिंदा येऊन त्यांच्यापुढे बसली.

“इतके महिने तुझ्या हातचं खाल्लं नाही मी. तरी तोंड उघडलं नाहीस?”

“वन्सं तुमच्या दाराला मुकल्या असत्या, आई.”

म्हातारीच्या सुरकुत्यांतून आसवं वाट काढू लागली. तिने सुनेचा हात ओढून आपल्या गालाला लावला.

“तिला सांग, घरी ये म्हणावं. रागावणार आहे मी, पण ये म्हणावं.” मग आपली काळी शाल काढून तिने एर्मेलिंदाच्या खांद्यांवर घातली. “माझा आवाज ऐकला की आता लोकांना दारू आठवते. तुझा अजून कुणी नेलेला नाही.”

निदियाला निरोप सांगून एर्मेलिंदाने फोन फळीवर ठेवला, होडीची दोरी सोडली आणि फेलिसियानोच्या काठाकडे वल्हवू लागली.