दोन दारांमधला माठ

दुपारी दीड वाजता समोरच्या घरी फोन धरायला जायचं, हे नाजिमाचं गेल्या सात महिन्यांचं ठरलेलं काम होतं. नवऱ्याला, अमीनला, दुकानात डबा पोचवायचा, भांडी पालथी घालायची आणि ओढणीला हात पुसत जिन्याच्या चौकातून पलीकडे जायचं. चार पावलांचं अंतर. येरवड्यातल्या त्या चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोनच घरं. एकाच्या कुकरच्या शिट्ट्या दुसरा मोजतो, तिथे कुणाचं काय लपून राहणार? नाजिमाला लोक तोंडावर चौकस म्हणत आणि पाठीमागे भोचक. तिला दोन्ही ठाऊक होतं. "न विचारता कळलं असतं तर विचारलं असतं का मी?" हे तिचं उत्तर.

पण समोरच्या राधाक्कांना हीच भोचक बाई हवी होती. काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेलेले. सून मैत्री शाळेत शिकवायची, ती सहाशिवाय घरी येत नसे. आणि मुलगा अनिरुद्ध, लष्करात हवालदार, निळी टोपी घालून आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशात शांतिसेनेच्या छावणीत होता. त्या देशाचं नाव नाजिमाच्या तोंडात कधी बसलं नाही. तिकडे सकाळचे दहा झाले की इकडे दीड. त्याची पहाटेची ड्युटी सुटायची आणि फोन यायचा. राधाक्का ऐकायच्या, नाजिमा बघायची, आणि बघितलेलं सगळं सांगायची.

"दाढी केलीय. बनियन धुतलाय, पण नीळ नाही घातली."

"खाला, इथे नीळ कुठून आणू? पाणी मिळतंय हेच खूप."

मग तो दिवस सांगायचा. चारला उठणं, मलेरियाची गोळी, गेटवरचा पहारा. पांढऱ्या गाडीतून गस्त. पावसात ती गाडी रुतली की अख्खी सकाळ ती उपसण्यात जायची. कुंपणाबाहेर ताडपत्रीखाली राहणारी, लढाईतून पळून आलेली माणसं. त्यांच्या बायका सरपणाला निघाल्या की बंदूक घेऊन सोबत चालायचं. संध्याकाळी व्हॉलीबॉल, रात्री लंगरातली डाळ. "आणि लाल माती, खाला. कानातून निघते, भातातून निघते." राधाक्का फोनकडे तोंड करून हसायच्या. त्या आवाजावर त्यांचा उरलेला दिवस चालायचा.

आठव्या महिन्यात मात्र तो आवाज बदलला. सांगायचं तेच, पण धडा पाठ म्हटल्यासारखं. ओठ सुकलेले, डोळ्यांखाली काळं. नाजिमाने हे सांगितलं नाही, पण राधाक्का एकदा फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "आवाजात झोप नाही गं त्याच्या."

त्यानंतरच्या आठवड्यातली एक दुपार. पुण्याच्या दुपारी तुम्हाला माहीतच आहेत. एक वाजला की दुकानांची शटरं खाली, माणसं आडवी, आणि गल्लीत एखाद्या कावळ्याचं ओरडणंसुद्धा उपरं वाटावं अशी शांतता. फोन आला. अनिरुद्ध खाटेवर बसला होता. त्याच्या खांद्यामागे उघडं दार होतं, आणि दारात एक बाई. उंच, काळी, विटक्या हिरव्या कापडात गुंडाळलेली. हातात पाण्याचा पिवळा कॅन. उन्हाकडे पाठ असल्यामुळे तोंड दिसत नव्हतं.

"अनू, कुणी आलंय बघ तुझ्याकडे," नाजिमा सहज म्हणाली. "दारात उभी आहे बिचारी. आत तरी बोलव."

अनिरुद्धने मागे वळून पाहिलं नाही. त्याचा चेहरा फक्त हळूहळू दगडाचा झाला.

"खाला... माझ्या मागे भिंत आहे. दार माझ्या समोर आहे."

एवढं बोलून त्याने फोन बंद केला.

"कोण होतं?" राधाक्कांनी विचारलं.

"कुणी नाही, राधाक्का. स्वयंपाकीण असेल त्यांची."

"पलटणीत स्वयंपाकीण? बरं."

नाजिमाला राहवेना. चार वाजता तिने स्वतःच्या घरून, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, दोन्ही घरांमधल्या भिंतीशी उभं राहून फोन लावला. चित्राचा नाही, नुसता आवाजाचा, स्पीकर चालू ठेवून. चित्राचा लावायची हिंमत झाली नाही.

"मला सांग," ती म्हणाली. "नाही सांगितलंस तर मी मैत्रीला विचारीन."

 मग तो बोलू लागला. तीन आठवड्यांपूर्वी बाहेर गोळीबार सुरू झाला होता. ताडपत्र्या जळल्या. चारशे माणसं पळत गेटशी आली. छावणीत जागा नव्हती, त्यांच्यात हत्यारबंद कोण आहे ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून गेट बंद ठेवायचा हुकूम. तीन दिवस. पहिल्याच दुपारी ही बाई जाळीला येऊन उभी राहिली. तिने पाणी मागितलं. तिच्या भाषेतला तेवढा एक शब्द त्याला येत होता.

"माझ्या कमरेला भरलेली बाटली होती, खाला. जाळीतून ती गेली असती. पण एकीला दिली असती तर मागचे चारशे धावून आले असते. गेट पडलं असतं. आत आमची ऐंशी पोरं..."

"मग?"

"मग काय. ती उभी राहिली. दुसऱ्या दिवशी बसली. तिसऱ्या दिवशी गेट उघडलं तेव्हा बसलेलीच होती. जाळीत बोटं अडकवून. ती बोटं मी सोडवली."

नाजिमाने भिंतीला हात टेकला.

"तेव्हापासून जिथे बसतो तिथे मागे येते. काही करत नाही. नुसती उभी. आणि खाला, मला पाणी जात नाही. घोट तोंडात घेतो, घसा मिटतो. तीन दिवस झाले. डॉक्टरसाहेब म्हणतात घशात काही नाही. सलाइन लावतात. इथल्या उन्हात असं किती दिवस चालणार?"

"राधाक्कांना..."

"आईला नका सांगू!" तो पहिल्यांदाच ओरडला. मग आवाज एकदम खाली गेला. "लहानपणी ती गावच्या विहिरीवर घागर घेऊन उभी राहायची. वरून कुणी ओतलं तर पाणी. दुपार टळायची. हे ऐकत मी मोठा झालो. आणि या वेळी मी कुंपणाच्या आत होतो, खाला. मी आतला होतो."

ती रात्र नाजिमाने कशी काढली ते तिलाच माहीत. दुसऱ्या दिवशी दीड वाजता पाय ओढत ती समोर गेली. फोन लागला. अनिरुद्ध छावणीतल्या दवाखान्यात पडला होता, हाताला नळी, ओठांवर पांढरी साल. आणि बाई या वेळी दारात नव्हती. उशाशी होती. इतकी जवळ, की तिच्या कापडाची किनार त्याच्या केसांना लागत होती.

"बोल ना," राधाक्का म्हणाल्या. "थांबलीस का?"

"काही नाही... झोपलाय तो. उशी... उशी पांढरी आहे."

"कालचीच आहे ना ती?"

नाजिमाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"भिंत पातळ आहे, नाजिमा. अल्लाने काय तुला एकटीलाच कान दिलेत?" राधाक्का उठल्या. चाचपडत माठाकडे गेल्या, तांब्या भरला, परत येऊन बसल्या. इतक्या सावकाश, की पाण्याचा थेंब सांडला नाही. "कुठेय सांग. डावीकडे का उजवीकडे?"

"उजवीकडे... उशाशी."

राधाक्कांनी आपले विझलेले डोळे तिकडे वळवले.

"बाई," त्या म्हणाल्या, "हा माझा मुलगा आहे. यानं पाप केलं का हुकूम पाळला, ते मला ठरवता येत नाही. काल रात्रभर ठरवत बसले होते. पण तू तहानलेली आहेस एवढं मला कळतं. मीही उभी राहिलेय अशी. त्याचा घसा सोड. इकडे ये. माझ्या दारात तुला कुणी नाही म्हणणार नाही."

"तुमच्या दारात नको, राधाक्का!" नाजिमा कुजबुजली. "तुम्ही दुपारभर एकट्या. कोण आलं, कोण गेलं, तुम्हाला दिसणार आहे का? माझ्या दारात बोलवा."

"मुलगा माझा आणि पाणी तुझं होय? शहाणीच आहेस."

"मग मधे ठेवू. चौकात. दोन्ही दारांच्या मधे."

"ठेव मधे. पण माठ माझा."

असं त्या दोघींचं भांडण चालू असताना पडद्यावरच्या बाईने मान उचलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने अनिरुद्धवरून नजर काढली आणि सरळ नाजिमाकडे पाहिलं. चेहरा तरुण होता. ओठांना भेगा होत्या. ती चालू लागली, मागे नाही, पुढे. हिरवं कापड पडद्यावर मोठं होत गेलं, होत गेलं... आणि सगळा पडदा काळा झाला. आणि वास आला, लांबून नाही, अगदी खोलीतच कुणी आल्यासारखा. ओल्या मातीचा आणि जळक्या ताडपत्रीचा.

मग उजेड परतला. पत्र्याचं छत, पंखा. आणि अनिरुद्धचा आवाज.

"आई... पाणी पितोय मी."

घोटांचा आवाज दोघींनी ऐकला. गट, गट, गट. राधाक्कांनी तांब्या जमिनीवर ठेवला.

त्याच संध्याकाळी चौकात, दोन दारांच्या मधोमध, तिवईवर माठ ठेवला गेला. मैत्रीने विचारलं तेव्हा नाजिमा म्हणाली, कुरिअरवाल्या पोरांसाठी आहे, उन्हात तीन जिने चढतात बिचारी. मैत्रीला ते पटलं. नवऱ्याला पाणी जात नाही हे तिला त्याच्या फोनवरून ठाऊक होतं; आता ते जाऊ लागलं याच आनंदात ती होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आटोपून घरी आल्यावर नाजिमाने दाराला आतून कडी घातली आणि बसली. दोनच्या पुढे काटा सरकला. जिन्यात पाऊल वाजलं नाही. पण पाणी वाजलं. प्लास्टिकच्या कॅनमध्ये पाणी पडतं तेव्हा आधी खोल, पोकळ आवाज येतो, आणि कॅन भरत जाईल तसा तो बारीक होत चढतो. तसा तो चढला. अगदी वरच्या सुरापर्यंत गेला आणि थांबला. दाराच्या फटीतून मातीचा वास आत आला. नाजिमाने कुराणातली आयत पुटपुटत दारातल्या भिंगाला डोळा लावला. हिरव्या कापडातली उंच पाठ तेवढी दिसली, जिन्याकडे वळताना.

नंतर तिने बाहेर येऊन पाहिलं. माठ अर्धा झाला होता. फरशीवर एक ओलं वर्तुळ होतं, कॅनच्या बुडाएवढं.

रोज असंच चाललं. वाईट काही घडलं नाही. कुणी पडलं नाही, कुणाच्या स्वप्नात आलं नाही. अनिरुद्धचे गाल भरले, तो पुन्हा व्हॉलीबॉल खेळू लागला, चेंडू कुंपणाबाहेर गेल्याचं हसून सांगू लागला. नाजिमा सकाळी माठ घासायची, भरायची, वर झाकणी ठेवायची. एकदा तिने अमीनला सगळं सांगितलं. तो म्हणाला, मौलवींना विचारू, काहीतरी उतारा देतील. नाजिमाने भाजी निवडता निवडता मान हलवली.

"न बोलावता आलेल्याला घालवतात," ती म्हणाली. "हिला आपण बोलावलंय. पाहुण्याला उतारा देतात का?"

पण हे बोलून झाल्यावर तिला स्वतःलाच एक विचार बराच वेळ छळत राहिला. एका माणसाला एका दिवसाला किती पाणी लागतं? अर्धा माठ? आणि ती बाई ते सगळं एकटीच पीत नसेल, तर रोज कॅन भरून कुणाकडे नेत असेल?

अनिरुद्ध परतायला तीन आठवडे उरले होते. त्या दुपारी सव्वादोन वाजता दार वाजलं. नाजिमाने भिंगाला डोळा लावण्याआधीच बाहेरून ओळखीचं खाकरणं ऐकू आलं. तळमजल्यावरचे तात्याराव. सरकारी नोकरीतून निवृत्त, आणि बोलण्यात मिरची. ते वर चढून आले होते, घामाने निथळत, आणि अंगाने उगीचच आक्रसून उभे होते.

"नाजिमाबाई, पाणपोई काढलीत, पुण्य लागेल. आमचं काही म्हणणं नाही."

"पण?"

"पण रांगेला काही शिस्त लावाल की नाही? तीन जिने चढायला मला पाव तास लागला."

"कसली रांग, तात्याराव?"

"आता मलाच विचारा!" त्यांनी मागे बोट केलं. "कुठल्या बांधकामावरचे आहेत हो हे? मराठी नाही, हिंदी नाही. सरका म्हटलं की सरकतात, पण तोंडातून शब्द नाही. बायका, म्हातारे, कडेवर पोरं. आणि प्रत्येकाच्या हातात तो मेला कॅन. खाली फाटकाबाहेर तर रस्त्यापर्यंत बसलेत."

नाजिमा कठड्याशी आली. तिने खाली वाकून पाहिलं. तीनही जिने, तळापर्यंत, रिकामे होते. जाळीच्या खिडक्यांतून आलेलं ऊन पायऱ्यांवर पडलं होतं आणि त्यात धूळ तरंगत होती. एक पायरीसुद्धा ओली नव्हती.

समोरच्या उघड्या दारातून राधाक्कांचा आवाज आला. तो अगदी शांत होता.

"किती जण आहेत गं?"



"सांगून ठेवलंय," तात्याराव म्हणाले आणि उतरायला वळले. त्यांनी पोट आत घेतलं, पाठ भिंतीला लावली, आणि एक पाय खालच्या पायरीवर टाकण्याआधी हात पुढे करून कुणाला तरी बाजूला केलं. "जरा सरका, आजी..." मग थांबले. वाट मिळाल्यासारखी मान हलवली. पाय टाकला. "सरका... पोराचा हात बघा, पायाखाली येईल..."

पायरीगणिक असंच. त्या रिकाम्या जिन्यातून तात्यारावांना तळमजल्यावर पोचायला फार वेळ लागला.