सोयाबीनची नऊ मिनिटं

"जय भीम, बाई. माह्या पिक्चरचा खून झाला."

शनिवारी सकाळी साडेनऊला देवाजी रामटेके कमलिनीबाईंच्या क्वार्टरच्या पायरीवर बसून हे म्हणाला, तेव्हा शामसुंदर कूलरमध्ये पाणी ओतत होता. निम्मी बादली त्याच्या पायजम्यावर सांडली. मे महिना होता, त्यामुळे त्याला फारसं वाईट वाटलं नाही.

कमलिनीबाईंनी वीस वर्षं भिलाईच्या पोलाद प्लांटच्या तपासणी खात्यात रुळांमधले केसाएवढे तडे शोधले होते. नवरा गेल्यावर नोकरी सोडून त्या लोकांच्या भानगडींतले तडे शोधू लागल्या. प्लांटच्या क्वार्टरला धंद्याची पाटी लावता येत नाही, म्हणून पाटी नव्हती. तरी भिलाईत ज्याला गरज पडे त्याला घर बरोबर सापडे. शामसुंदर त्यांचा धाकटा दीर, टाइम ऑफिसातला क्लार्क. सुट्टीच्या दिवशी तो त्यांच्याबरोबर हिंडे. आपण मदत करतो अशी त्याची समजूत होती आणि वहिनींनी ती कधी मोडली नव्हती.

"आधी पाणी प्या," कमलिनीबाई म्हणाल्या. "मग पहिल्यापासून सांगा."

देवाजी रेल मिलमध्ये क्रेन चालवायचा. पंधरा वर्षं त्याला एकच वेड होतं: एकट्यानं माइकसमोर उभं राहून लोकांना हसवायचं. भिलाईतल्या बहुतेक स्टेजवरून त्याला पाच मिनिटांत खाली उतरवलं होतं, कारण पाठीमागं ऑर्केस्ट्रा खोळंबलेला असे. शेवटी त्याचा मेहुणा केवलराम यानं त्याच्या याच वेडावर व्हिडिओ पिक्चर काढला. दुर्गच्या मोहन नगरात राहणारा केवलराम लग्नांची शूटिंग करायचा. पिक्चरचं नाव होतं 'आवाज येते का?'

"शेवटची नऊ मिनिटं सोडली तर सगळी अॅक्टिंग हाय, बाई. ते नऊ मिनिटं खरे हायेत. चौदा एप्रिलले जयंतीच्या स्टेजवर मी उभा होतो, समोर आठशे माणूस. अन् लोक हसले. पहिल्यांदा हसले." देवाजीनं ग्लास खाली ठेवला. "उद्या चार वाजता हॉलमध्ये पिक्चर दाखवून कॅसेट रिलीज करायची हाय. तीस कॅसेटी घरोघरी जाणार. अन् त्या नऊ मिनिटांच्या जागी आता..."

"काय आहे?"

"सोयाबीन."

शामसुंदर हसला. देवाजीचा चेहरा पाहून त्यानं ते हसू खोकल्यावर निभावलं.

*

शीला बुटेची व्हिडिओ लायब्ररी प्लांटच्या वसाहतीतल्या सेक्टरच्या मार्केटमध्ये होती. दोन व्हीसीआर वायरनं जोडून ती कॅसेटच्या कॉप्या करायची. तिघं पोचले तेव्हा काउंटरवर देवाजीचे फोरमन आनंदराव तिजारे तावातावानं बोलत होते. प्रमुख पाहुणे म्हणून पहिली कॉपी त्यांना मिळाली होती.

"हेच ते!" देवाजी कुजबुजला. "माही नक्कल पडद्यावर आली तं पाहून घेईन, असं शॉपमध्ये सगळ्यायसमोर बोलले होते."

"बोललो होतो," आनंदरावांनी ऐकलंच. "पण मग माझ्या सासुरवाडीला नागपूरला चार पत्रं मीच नाही का लिहिली, की मी पिक्चरमध्ये आहे म्हणून? आता त्यांना काय सोयाबीन दाखवू?"

शीलानं मास्टर कॅसेट लावली. पिक्चर पुढं पळवून शेवट आणला. देवाजी स्टेजच्या पायऱ्या चढला, माइक हातात घेतला, तोंड उघडलं, आणि पडद्यावर दूरदर्शनच्या शेतकऱ्यांच्या कार्यक्रमातले एक गृहस्थ सोयाबीनच्या बियाण्याविषयी सांगू लागले. चार मिनिटं ते बोलले. मग चित्राला झटका बसला आणि एकदम बातम्यांच्या शेवटचं हवामान सुरू झालं. पाच मिनिटं हवामान आणि जाहिराती. त्यानंतर पुन्हा पिक्चर: 'समाप्त'.

"मी सुरुवातीचे पाच मिनिट पाहिले अन् कॉप्या काढल्या जी," शीला रडकुंडीला आली होती. "तीस वेळा तास-तासभर कोण बसून पाहते? गुरुवारी सकाळी देवाजीभाऊनं कॅसेट देल्ली. कालपर्यंत दोन्ही मशिनी रात्रंदिवस सारख्या चालू होत्या."

"मधे लाइट गेली होती?"

"इथं कुठं जाते लाइट? प्लांटची लाइट हाय न."

कमलिनीबाईंनी मास्टर हातात घेऊन पाठीकडून पाहिली. तिथली प्लास्टिकची छोटी पट्टी तोडलेली होती. ती तोडली की कॅसेट लॉक होते, तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. भरायचंच असेल तर त्या चौकोनी खाचेवर काहीतरी चिकटवावं लागतं. खाचेच्या कडांना पांढुरका चिकटा होता आणि त्यात सुताचे दोन-तीन बारीक धागे. शीलाच्या टेबलावर लेबलांसाठी पारदर्शक सेलोटेपची रिळं पडली होती. कमलिनीबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं.

"आनंदराव, जयंतीच्या कार्यक्रमाला तुम्ही होतात?"

"पहिल्या रांगेत. याच्या वडिलांच्या शेजारी. लहानूजींना टायफॉइडपासून ऐकू येत नाही, बारा वर्षं झाली. आणि हा स्टेजवरून त्यांच्यावरच बोलला! बहिरा बाप आणि त्याचा पोरगा. लोक पोट धरून हसत होते. म्हातारा बिचारा तर यानं वाक्य पुरं करायच्या आधीच हसत होता. त्याला काय समजतंय!"

देवाजी खाली पाहत होता. "घरी प्रॅक्टिसले तेच एक प्रेक्षक असते माह्याजवळ," तो पुटपुटला. पण आनंदराव तोवर पुन्हा सासुरवाडीकडे वळले होते.

*

दुपारी स्कूटरवरून मोहन नगर; देवाजी सायकलनं मागोमाग. केवलराम बनसोडच्या घरी खोलीभर वायरी होत्या. शामसुंदरला टीव्हीवर बशीत चिकटवलेली अर्धी मेणबत्ती दिसली, आणि टीव्हीच्या लाकडावर ओघळलेलं मेण. एवढा महागाचा टीव्ही आणि ही अवस्था, असं त्याला वाटलं.

केवलराम भडकलेलाच होता. "मले बदनाम करून राहिले, दुसरं काही नाही! मंगळवारी आम्ही सगळ्यायनं इथं बसून पूरा पिक्चर पाहिला. देवाजी होता, रत्नमाला होती. मी माह्या हातानं लॉक तोडलं. गुरुवारी सकाळी हाच येऊन कॅसेट घेऊन गेला. रस्त्यात काय झालं मले कावून विचारता?"

"बुधवारी तुम्ही कुठं होता?"

"रसमड्याले, लग्नात. दुपारी चारपासून. तेही नशीब फुटकं. चार कॅसेटी काढून ठेवल्या होत्या, बॅगेत पाहतो तं तीनच! बिदाई शूट नाही झाली. नवरीचा बाप अजून शिव्या देऊन राहिला."

"नव्या कॅसेटी होत्या?"

"नव्या कुठं परवडते, बाई! मास्टर झाला का शूटिंगच्या कच्च्या कॅसेटी पुसून पुढच्या लग्नात वापरायच्या. आमच्यात असंच चालते."

कमलिनीबाई टीव्हीमागं वाकल्या. अँटेनाची वायर मधे तुटली होती आणि जोडावर पांढरी कापडी पट्टी गुंडाळली होती. केवलरामच्या टेबलावर तर काळ्या टेपची अर्धा डझन रिळं होती.

"हे तुम्ही जोडलंत?"

"नाही जी, घरातलं सगळं बायकोच जोडते. दवाखान्याची पट्टी पक्की असते म्हणे." केवलरामनं दाराकडे मान वळवली.

रत्नमाला, त्याची बायको आणि देवाजीची धाकटी बहीण, ड्युटीवरून नुकतीच आली होती. ती एका दवाखान्यात नर्स होती. तिनं चहा ठेवला, सगळ्यांना दिला, पण भावाकडे एकदाही पाहिलं नाही.

"पिक्चर आवडला होता तुम्हाला?" कमलिनीबाईंनी विचारलं.

"चांगलाच होता," ती म्हणाली. "लोकायले आवडलाच असता."

निघताना कमलिनीबाई दारात थांबल्या. "उद्या सकाळी नऊला सगळे देवाजीभाऊंच्या क्वार्टरवर या. केवलरामजी, व्हीसीआर घेऊन या. आणि रत्नमालाताई, बाबांचं काही जपून ठेवलं असेल तर तेही आणा."

रत्नमाला ट्रे तिथंच ठेवून आत निघून गेली. शामसुंदरला वाटलं, बिचारी थकली आहे.

"वहिनी," स्कूटरला किक मारत तो म्हणाला, "मला तर तो फोरमनच वाटतो."

"भाऊजी, तुम्ही गाडी चालवा."

*

रविवारी सकाळी देवाजीच्या क्वार्टरमध्ये बसायला जागा उरली नाही. शीला आणि आनंदराव खाटेवर, केवलराम व्हीसीआरच्या वायरीत, रत्नमाला उंबऱ्याशी. कोपऱ्यातल्या खुर्चीवर लहानूजी बसले होते, टोपी नीट केलेली, गुडघ्यावर पाटी. त्यांच्याशी बोलायचं तर पाटीवर लिहावं लागे. इतकी माणसं पाहून ते खूश होते.

"ज्याला नऊ मिनिटं पुसायची आहेत," कमलिनीबाईंनी सुरुवात केली, "तो एका बैठकीत पुसतो. इथं चार मिनिटं शेतकऱ्यांचा कार्यक्रम, मग एकदम बातम्यांच्या शेवटचं हवामान. मधला अर्धा तास कुठं गेला?"

"थांबला असेल," शामसुंदर म्हणाला.

"चोरीचं काम करताना अर्धा तास हात बांधून कोण थांबतं? त्याला थांबावं लागलं. लाइट गेली. मशीन बंद पडलं. लाइट आली तेव्हा बातम्या संपत होत्या, मग उरलेलं पुसलं. आता सांगा, आपल्या सेक्टरची लाइट शेवटची कधी गेली होती?"

शामसुंदरनं आठवून पाहिलं. आठवेना. आणि मग त्याला बशीतली मेणबत्ती आठवली.

"म्हणजे शीलाबाईंचं दुकान सुटलं, आनंदरावांचं घर सुटलं. काम दुर्गला झालं. मंगळवारी पिक्चर पुरा होता, गुरुवारी सकाळी कॅसेट बाहेर पडली. मधे संध्याकाळ एकच, बुधवारची."

सगळ्यांनी केवलरामकडे पाहिलं. तो उठूनच उभा राहिला. "अरे, मी रसमड्याले होतो! चारशे वऱ्हाडी साक्षीले हायेत!"

"बसा. तुम्ही नाहीच. व्हिडिओवाला पुसणार असता तर अँटेना काढून कोरं भरलं असतं. ज्याला मशीनची फारशी माहिती नाही, त्यानं बटण दाबलं आणि टीव्हीवर जे चालू होतं ते आत गेलं. तुम्ही खाचेवर काळी टेप लावली असती, शीलाबाईंनी सेलोटेप. इथं लागली होती दवाखान्याची कापडी पट्टी. काम झाल्यावर ती काढली, पण चिकटा आणि सुताचे धागे मागं राहिले."

देवाजी वळला. "रत्ना? तू?"

"हो, मी," रत्नमाला म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता. "दादा, तुले लाज नाही वाटली? बाप बहिरा हाय म्हणून आठशे लोकायले हसवलं. 'बाबा, आवाज येते का?' अन् बाबा म्हणते, 'हो, दोन पोळ्या वाढ.' अन् बाबा समोर बसून हसून राहिले, कायले हसते तेही न समजता. ते घराघरात दाखवू? माह्या बापाले सारी भिलाई हसन?"

देवाजी उंबऱ्याकडे एक पाऊल सरकला.

"सांगायचं नाही का मले," एवढंच तो म्हणाला.

"तू ऐकलं असतं?"

"एक गोष्ट राहिली," कमलिनीबाई हळूच म्हणाल्या. "केवलरामजींची चौथी कॅसेट. बुधवारच्या लग्नात जयंतीची कच्ची कॅसेट पुसली जाणार होती. ती बॅगेतून कोणी काढली? जिला ती नऊ मिनिटं कायमची नष्ट करायची होती, तिनं ती बॅगेत राहू दिली असती. काम आपोआप झालं असतं."

रत्नमालानं पर्स उघडली आणि कॅसेट काढून जमिनीवर ठेवली. "बाबा एवढे हसलेले मी कधी पाहिले नाही," ती म्हणाली. "माह्यासाठी ठेवली होती."

केवलरामनं कॅसेट लावली. पडद्यावर देवाजी बोलू लागला. त्यातच पहिल्या रांगेतले लहानूजी दिसले.

"आता सगळ्यांनी फक्त बाबांकडे पाहा," कमलिनीबाई म्हणाल्या. "ज्याला ऐकू येत नाही तो इतरांना पाहून हसतो. म्हणजे तो सगळ्यांच्या मागून हसणार. आनंदराव, तुम्ही काल काय म्हणालात?"

"आधीच हसत होता," आनंदराव म्हणाले, आणि बोलता बोलताच त्यांचा चेहरा बदलला.

पडद्यावर देवाजी म्हणाला, 'बाबा, आवाज येते का?' लहानूजींचे खांदे हलू लागले. हॉल अजून शांत होता. मग देवाजीनं पोळ्यांचं वाक्य टाकलं आणि आठशे माणसं फुटली. पुढच्या जोकलाही तसंच झालं. आधी म्हातारा, मग हॉल.

"त्यांना सगळं पाठ आहे, रत्नमालाताई. हातवाऱ्यांवरून कुठं काय येणार ते कळतं."

रत्नमालानं बापाच्या गुडघ्यावरची पाटी ओढली. लिहिलं: 'पोळ्यांचा जोक कोणाचा?'

लहानूजींनी पाटी डोळ्यांजवळ नेऊन वाचली. मग छातीवर थाप मारली.

"माहा!" ते जरा जास्तच मोठ्यानं म्हणाले. "हा तं म्हणे, नको बाबा, बरं नाही दिसत. मीच म्हटलं, टाक. अन् एक विसरला स्टेजवर. घंटीचा. तोच सगळ्यात चांगला होता!"

रत्नमाला रडता रडता हसली. देवाजीनं येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"चार वाजायला किती वेळ आहे?" कमलिनीबाईंनी विचारलं. केवलराम आधीच वायरी जोडत होता.

*

चार वाजता एकच कॅसेट तयार होती. घरोघरी द्यायच्या तीस पुन्हा भरायला शीलाला आणखी चार दिवस लागले. पण हॉल गच्च भरला होता.

शेवटची नऊ मिनिटं आली तेव्हा शामसुंदरनं पडद्याकडे पाहिलंच नाही. तो पहिल्या रांगेकडे पाहत होता. लहानूजींच्या शेजारी रत्नमाला बसली होती, पाटी मांडीवर घेऊन. देवाजीनं पडद्यावर विचारलं, 'बाबा, आवाज येते का?'

हॉल अजून शांत होता, तेव्हाच पहिल्या रांगेत दोन माणसं हसली.