गिबी हॅलक्रोची परतीची चाल

दिवा जरा जवळ ओढा, म्हणजे सांगते. सुरुवात अगदी साधी आहे. ऑस्लाच्या लग्नाच्या आदल्या दुपारी मी तिच्या आजीकडे एक परवानगी मागायला गेले होते.

आमच्या शेटलंडमध्ये नवरी चर्चला चालत जाते आणि तिच्यापुढे फिडलवाला आपलं व्हायोलिन वाजवत चालतो. आमच्या बेटावर त्या वाटेसाठी एकच चाल आहे, गिबी हॅलक्रोची. दोनशे वर्षांपूर्वी आपल्या बहिणीच्या लग्नासाठी त्याने ती बांधली. अर्धी जाताना वाजवायची, अर्धी परतताना. जातानाची वाजली. मग आत लग्न लागत होतं तेव्हा गिबी बाहेर भिंतीपाशी तारा जुळवत बसला, आणि नौदलाची टोळी आली. लढाईचे दिवस होते. धडधाकट माणूस दिसला की उचलायचे आणि जहाजावर घालायचे. गिबीला नेलं, तो परत आलाच नाही. तेव्हापासून आमची नवरी चर्चला वाजतगाजत जाते आणि घरी मुकाट्याने येते.

मला याचा संताप यायचा. टोळीने एक माणूस नेला, आणि आम्ही अजून प्रत्येक नवरीला सुतक असल्यासारखं घरी आणतो! कॉलेजात संगीत शिकत असताना परतीची अर्धी चाल मीच बांधून टाकली.

"आजी, उद्या येताना मी वाजवणार," मी म्हणाले.

सिन्नी आजी चुलीत पीटची, म्हणजे जळाऊ मातीची, ढेकळं सारत होती. "काय वाजवणार? तुझं?"

"माझं. का, वाईट आहे?"

"छानच असेल, बाई. कॉलेजातलं आहे." मग हळूच म्हणाली, "पण ज्याचं अर्धं राहिलंय... त्याला राग आला तर?"

"राग आला तर त्याने यावं आणि स्वतः वाजवावं!"

आजीने चिमटा खाली ठेवला. "मेरन, लग्नघरात असं आमंत्रण देऊ नये गं. लोक येतात."

पण नाही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही चर्चला पोचलो तेव्हा लख्ख ऊन होतं. लग्न लागलं, दार उघडलं, आणि बाहेर काही म्हणजे काही दिसेना. समुद्रावरून धुकं चढलं होतं. ओल्या लोकरीचा आणि शेवाळाचा वास येत होता. चर्चची भिंतसुद्धा हाताने चाचपावी लागत होती.

"वाजव गं, उभी काय राहिलीस?" ऑस्ला मागून म्हणाली. "मला नाही मुकाट्याने घरी जायचं."

मी गज उचलला आणि फिडल छेडून पाहिली. खालच्या दोन्ही तारा अख्ख्या सुराने चढलेल्या होत्या. दमट हवेत खुंटी फुगून घट्ट बसते आणि तार केसभर सरकते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण अख्खा सूर आपोआप चढत नाही... खुंटी कोणालातरी पिळावी लागते.

मी त्या उतरवणार, तोच पुढे धुक्यात दुसरी फिडल सुरू झाली.

तिच्याही तारा तशाच चढवलेल्या होत्या. एक सूर छेडला की चारही तारा गुणगुणत होत्या. आणि ती चाल! आम्हाला पाठ असलेली अर्धी जिथे अडते तिथूनच तिने उडी घेतली, खट्याळ, भरधाव, घराकडे सुटलेल्या घोड्यासारखी. माझी चाल मी तिथेच विसरले. हात आपसूक तिच्यामागे धावले. माझ्या अंगावर काटा होता आणि मी हसत होते.

"लॉरी, नाच रे!" ऑस्ला नवऱ्याला ओढत ओरडली. सगळी वरात उड्या मारत निघाली. सिन्नी आजीने काठी काखेत मारली आणि आमच्या पाद्रीबाबांना गिरकी दिली.

मग मला ते ऐकू आलं. आमच्या मागे बूट वाजत होते. एकसारखे, जड. आमच्या तालात नव्हते.

आजी नाचायची थांबली. "हे पाय वरातीतले नाहीत..."

"आजी... कोण आहे?"

"दुसरं कोण? त्याला न्यायला आलेत." आणि ती म्हातारी धुक्यात गरजली, "मध्ये घ्या रे त्याला! यावेळी सोडायचं नाही!"

सगळे पुढे धावले आणि त्या आवाजाभोवती कोंडाळं केलं. मध्ये कोणी दिसत नव्हतं, पण प्रत्येकजण चालताना तेवढी जागा सोडत होता. आम्ही पाय आपटत होतो, गात होतो, मी जिवाच्या आकांताने वाजवत होते. बूट जवळ आले. अगदी जवळ... आणि आम्ही ऑस्लाच्या घरात घुसून कडी घातली.

बूट घराभोवती फिरले. प्रत्येक खिडकीपाशी थांबले.

आजीने काचेला नाक लावलं. "इथे कोणी नाही! लग्नघर आहे! तुमच्या बोटीवर बायकांना घेत असाल तर मी येते!"

घर हास्याने दणाणलं. बूट किनाऱ्याकडे उतरले, मग वल्ह्यांचा आवाज आला, मग तोही गेला. कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीकडून फिडल पुन्हा सुरू झाली. आजीने खुर्चीपुढे मटणाचं सूप आणि व्हिस्की ठेवली, आणि आम्ही पाय सुजेपर्यंत नाचलो.

बेटावर आता नवरी जाताना वाजत जाते आणि येतानाही वाजत येते. येत्या शनिवारी पुन्हा लग्न आहे, आणि पुढे मीच चालणार आहे.

एकच सांगायचं राहिलं. त्या दिवशी धुकं विरल्यावर लॉरीने दार उघडलं, तर पायरीवर एक जुनं चांदीचं नाणं पडलेलं होतं, राजाच्या छापाचं. तो वाकला, तशी आजीने त्याचा हात झटकला. "हात लावू नकोस! टोळीवाले हेच हातात कोंबायचे. घेतलं की तू त्यांचा."

ते कोणी उचललं नाही. वाऱ्याने ते हललं नाही, पावसाने काळं पडलं नाही. आम्ही ते ओलांडून आतबाहेर करतो.

काल मी ऑस्लाकडे गेले होते. आजी खिडकीतून 'मी येते' म्हणाली होती, ते कोणीतरी ऐकलं होतं: पायरीवर दोन नाणी होती.