बोंबा म्हणजे ढोल

राजधानी किटोत, संसदेच्या दारावर पहारेकऱ्याने झेनोबियाला विचारलं, गोणीत काय आहे? चोता खोऱ्यातली सरळ पोर ती. खरं तेच बोलली... "बोंबा."

मग काय विचारता! तिच्या खोऱ्यात बोंबा म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचा ढोल. राजधानीत त्याच शब्दाचा अर्थ बॉम्ब. शिट्ट्या झाल्या, दारं धडाधड मिटली. एक मंत्रीमहोदय झाडावर चढले, ते अजून उतरलेले नाहीत म्हणतात.

पळापळीत उलटा, तिच्याकडे आला एकच माणूस. आमिल्कार, कायद्यांचे मसुदे लिहिणारा समितीचा कारकून. त्याने गोणीची गाठ सोडली, बकऱ्याच्या कातड्यावर टिचकी मारली – आणि वर पाहिलं. बघतच राहिला.

"हा फुटतो का?"

"वाजवणारा अडाणी असला तर."

त्याचे कान लाल झाले. तिला ते आवडले.

ती आली होती याच शब्दापायी. 'रविवारी चौकात बोंबा' एवढंच लिहिलं, तर परदेशी कंपनीच्या यंत्राने बायकांच्या तिच्या ढोलपथकाचं इंटरनेटवरचं पानच बंद केलं. अकरा वेळा दाद मागितली, अकराही वेळा तेच यंत्र 'नाही' म्हणालं. आमंत्रणं आटली, दोघी ढोल ठेवून गुलाबाच्या मळ्यात मजुरीला गेल्या. आमिल्कारच्या मसुद्यात एक कलम होतं – अशा तक्रारीला उत्तर माणसानेच द्यावं, तिथली बोली जाणणाऱ्या माणसाने. पण समिती आज ते गाळणार, हे त्याने तिला हळूच सांगितलं.

"तीन मिनिटं मिळवून देतो. फक्त रडू नका."

"रडायला का कुणी ढोल घेऊन येतं?"

समितीपुढे ती बसली, ढोल गुडघ्यांत धरला आणि शब्दही न बोलता वाजवू लागली. दुसऱ्या मिनिटाला अध्यक्षांचा बूट ठेका धरू लागला. ती थांबली.

"तुमच्या पायाला कळलं, साहेब. त्यांच्या यंत्राला पाय नाहीत. म्हणून माणूस हवा."

पाच विरुद्ध चार मतांनी कलम राहिलं.

बाहेर पायऱ्यांवर भुरभुर पाऊस होता. आमिल्कार चष्मा पुसत म्हणाला, "अजून सभागृह बाकी आहे. कंपनीचे वकील येतील... महिनोन्‌महिने लागतील."

"मग मीही येईन. दर मंगळवारी."

"पण – मंगळवारी समिती बसत नाही."

"दारावरचा फलक वाचलाय मी," ती म्हणाली. "तुम्ही तर असता ना?"