उंबरा घेणारी जात

जनुकं वाचणाऱ्या वंशवाचक यंत्राच्या काचेखाली दाताचा पिवळट तुकडा ठेवून वत्सला गलांडेनं हात जोडले. प्रयोगशाळेत हात जोडणं पशुवैद्य बाईला शोभत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. पण दात होता हरणीचा. नऊ शतकांपूर्वी हे खडकयान सूर्यमालेतून निघालं, तेव्हा त्यात चढलेली पहिली कुत्री ती.

खडकयान म्हणजे तरी काय, पोखरलेला एक लघुग्रह. पोटात बोगदे, बोगद्यांत गल्ल्या, गल्ल्यांत घरं. खडक आकसतो, फुगतो, कुठंतरी केसाएवढी चीर पडते आणि हवा बाहेर पळू लागते. ती बारीक शीळ माणसाला ऐकू येत नाही, कुत्र्याला येते. म्हणून पूर्वजांनी मोठी डोकेबाज सोयरीक जमवली होती. हरणी लातूरकडची कारवानी, लांब पायांची, आत गेलेल्या पोटाची. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर तिच्या आज्या-पणज्यांनी अर्धं जग पायाखाली घातलेलं. नवरा मिळाला तो विलायती टेरियर, बुटका आणि भांडखोर, कोल्ह्याच्या बिळात शिरून त्याच्याशी तिथंच दोन हात करणारा. त्यांच्या पोटी जी जात आली ती बोगदा वाऱ्यासारखा पळून काढायची आणि सापडेल त्या भोकात शिरून चीर हुडकायची. चीर सापडली की घर गाठायचं आणि माणसं उठवायची.

त्या जातीचा आजचा शेंडा म्हणजे वावटळ. ती पोटुशी होती आणि टेबलाखाली वत्सलेच्या पायांवर हनुवटी टेकून पडली होती.

"वत्सू, पूजा आटोपली की यंत्र सुरू करशील का?" दारातून हलक्या आवाजात प्रश्न आला. यशोधन लोकरे, यानाच्या हवेचे प्रमुख, वत्सलेच्या थोरल्या बहिणीचे यजमान. माणूस सरळ, हिशेबी आणि कुत्र्यांच्या बाबतीत अगदी कोरडा. बहिणीच्या घरी वर्षभरापूर्वीपर्यंत कुत्रं होतं, पण ते नलूताईचं होतं, ह्यांचं नव्हे.

"यंत्र सुरूच आहे दाजी. तुम्ही तेवढा कुत्र्यांची वीण बंद करायचा ठराव जरा थांबवा."

"ठराव उद्याच्या सभेत येणार. भिंतीभिंतीत गळतीची शीळ टिपणारे कर्णक बसवून झालेत. ते कान झोपत नाहीत, म्हातारे होत नाहीत आणि श्वासही घेत नाहीत. कुत्री जी हवा ओढतात ना, तेवढ्यात प्रत्येक गल्लीत एखादा पाळणा जास्त हलेल. आपल्या मीनूला बाळ व्हायला परवानगीसाठी किती वाट बघावी लागली, विसरलीस?"

वत्सला विसरली नव्हती. भाचीचं बाळ तिनंच पहिल्यांदा हातात घेतलं होतं. दाजींचं चुकत नव्हतं, हेच तर दुखणं होतं.

"आणि हिच्या पोटातली?" तिनं खाली बघत विचारलं.

"यापुढे वीण नाही म्हणजे नाही. मला काय त्यात आनंद आहे का?" दाजी खुर्चीत बसले. "तू म्हणतेस की नऊशे वर्षांत ह्यांचे कान इतके तयार झालेत की कर्णक त्यांच्यापुढे बहिरे. ते दाखव. मी ठराव मागे घेतो."

वंशवाचकानं हरणीची जनुकं वाचली, त्यांत संग्रहातली तिच्या नवऱ्याची मिळवली, मग वावटळीची वाचली. जुनी आणि नवी लिपी पडद्यावर एकमेकींवर चढल्या आणि जुळून बसल्या. जिथं फरक असेल तिथं लाल ठिपका उमटायचा. पडदा जवळजवळ स्वच्छ राहिला.

वत्सला बघतच राहिली. आपण, आपला गुरू, त्याचा गुरू, सगळ्यांनी जन्मभर जोड्या जुळवल्या, पिल्लांचे दात बघितले, पाय मोजले, आणि निष्पन्न काय, तर शून्य.

"असं कसं झालं?" दाजींनी विचारलं. त्यांच्या स्वरात विजय नव्हता.

"आमच्याच हौसेनं झालं. मूळ रक्ताला धक्का लावायचा नाही, ही आमची शपथ. जे पिल्लू त्या जोडीच्या पहिल्या पिल्लांसारखं दिसेल तेच ठेवायचं. जरा वेगळं निघालं की पुढची वीण थांबवून त्या ओळीत मूळ जोडीचं गोठबीज घालायचं. ते पृथ्वीवरून गोठवूनच आणलं होतं." ती खिन्नपणे हसली. "आम्ही जात सुधारत नव्हतो दाजी. आम्ही लोणचं घालत होतो."

"यंत्रच बिघडलं असेल तर?"

तो प्रश्न दाजींनी केवळ मेव्हणीच्या मायेपोटी विचारला. पण वत्सलेला बरं वाटलं. यंत्र तपासायला दुसरा प्राणी हवा. जुना आणि नवा असे दोन्ही नमुने हाताशी असलेला दुसरा प्राणी एकच होता, माणूस. तिनं संग्रहातून पहिल्या प्रवाशांपैकी काहींचे केस काढले आणि स्वतःच्या व दाजींच्या बोटाला सुई टोचली.

पडदा लालीलाल झाला.

दोघं पडद्याकडे वाकले. वावटळ तेवढी टेबलाखालून उठली, दोघांकडे बघितलं आणि परत पडली.

"वाच," दाजी म्हणाले.

"झोपेची जनुकं बदललीत. कुत्र्याच्या नुसत्या कुईंसरशी आपण जागे होतो, पूर्वज होत नसत. गळ्याची बदललीत, आपला आवाज खाली आलाय." ती थांबली. शाळेत पूर्वजांची ध्वनिमुद्रणं लावली की पोरं कानांवर हात ठेवून रडतात. जुनी यंत्रं कर्कश होती, असं सगळे समजत आले होते. "आणि रागाची. आपल्याला राग येतो, पण तो हातापर्यंत पोचत नाही."

"हे कोणी केलं?"

"निवडीनं. निवडदाब म्हणतो आम्ही. ज्यांच्यात एखादा गुण आहे तेच जगले आणि त्यांचीच मुलं झाली, असं पिढ्यान् पिढ्या चाललं की..." तिची जीभ अडखळली.

वाक्य दाजींनी पुरं केलं. "वत्सू, वाण ओळखायचं पहिलं सूत्र तूच पोरांना शिकवतेस. लांडग्याचं कुत्रं झालं, माणूस माणूसच राहिला. निवडणारा होता तसा राहतो, निवडला जाणारा बदलतो."

तिला उंबरे आठवले.

यानावरची रीतच आहे ती. पिल्लू कुणी कुणाला द्यायचं नसतं. दूध सुटलं की गल्लीत मोकळं सोडायचं. सगळे आपापल्या दारात गप्प बसतात. पिल्लू हुंगत हुंगत फिरतं आणि एका उंबऱ्यावर बसतं. त्याला म्हणतात उंबरा घेणं. ज्या घरात आरडाओरडा, त्या घराला पिल्लू टाळतं. जिथं लाथ बसेल असं वाटतं तिकडे फिरकत नाही. आणि गळती झाली की कुत्रं आधी आपला उंबरा गाठतं. पहिल्या शतकांत गळत्या पाचवीला पुजलेल्या होत्या. ज्यांच्या उंबऱ्यावर कुत्रं नव्हतं, ती घरं झोपेतच गेली.

"आपण त्यांच्या जोड्या लावत बसलो," ती हळूच म्हणाली, "आणि ती आपलं वाण करत होती."

भीती नाही वाटली तिला. देवळात गेल्यावर आपसूक आवाज खाली जावा तसं काहीसं वाटलं. पायांवरची ऊबदार हनुवटी तिनं तशीच राहू दिली.

"सभेत हे सगळं सांगते," ती म्हणाली.

"सांगू नकोस." दाजी उठले. "मी हिशेबी माणूस आहे. तुझं म्हणणं खरं असेल तर सांगायची गरजच नाही. कुत्र्यांना दाराबाहेर काढू शकणारी माणसं कधीच मेलीत. उरलेल्यांचा हात वर होणार नाही. आणि झाला, तर तुझा सिद्धान्त खोटा."

"आणि खोटा निघाला तर वावटळीची पिल्लं जातील."

"जातील," दाजी म्हणाले. "भाकीत करायचं तर किंमत मोजायची तयारी हवी."

दुसऱ्या दिवशी वत्सला सभेत जिभेवर दगड ठेवून बसली. दाजींनी ठराव चोख मांडला. कुठंही लबाडी नाही, कुठंही पाणी घातलेलं नाही. कर्णकांची अचूकता, हवेचा हिशेब, वाढणारे पाळणे. ऐकणारे माना डोलावत होते. आपलं कुत्रं मांडीशी घेऊन बसलेली माणसंसुद्धा. कुणी एक प्रश्न विचारला नाही. तोंड उघडावं असं वत्सलेला शंभरदा वाटलं.

"ठराव मान्य असणाऱ्यांनी हात वर करावेत," अध्यक्षबाई म्हणाल्या.

सभागृहात एकही हात हलला नाही. लोक एकमेकांकडे बघू लागले, ओशाळल्यासारखे, आपल्यालाच काय झालं ते न कळून. वत्सलेनं दाजींकडे बघितलं. ते स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते. हात गुडघ्यावर होता. त्यांनी तो उचलायचा प्रयत्न केला, हे तिला स्पष्ट दिसलं. कपाळावर घाम आला, पण हात जागचा हलला नाही.

यथावकाश वावटळ व्याली. पिल्लांचं दूध सुटलं आणि त्यांना गल्लीत सोडलं, तेव्हा वत्सला कोपऱ्यावर उभी होती. जन्मभर बघितलेला सोहळा. तरी आज तिला तो पहिल्यांदा दिसला. दोन्ही बाजूंनी माणसं ओळीनं बसलेली, पाठ ताठ, तळवे उघडे, श्वास रोखलेले. ती स्वतः पिल्लांना टेबलावर अशीच ओळीनं मांडत असे.

दाजी आपल्या दारात नातवाला मांडीवर घेऊन बसले होते. एक तांबूस पिल्लू त्यांच्यापाशी थांबलं. त्यांनी पुढे केलेला हात हुंगला, जरासा विचार केला आणि हात ओलांडून ते बाळापाशी गेलं. बाळानं त्याचा कान मुठीत धरून ओढला. पिल्लू ओरडलं नाही. त्यानं बाळाचं तोंड हुंगलं, पाय हुंगले, पोटाला नाक लावलं. मग उंबऱ्यावर चढून, गल्लीकडे तोंड करून बसलं.

दाजींनी वर बघितलं. डोळे भरून आले होते.

"मी नापास झालो, वत्सू," ते हलकेच म्हणाले. "पोरगं पास झालं."